दारात आडवा पडलेला बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. बागेतला नव्हे आणि शाळेतलाही नव्हे. बागेतल्या बाकाला निदान मोकळी हवा मिळते आणि शाळेतल्या बाकाला मधली सुट्टी असते. मी दवाखान्यातला बाक. माझ्यावर आजवर कुणी हौसेने येऊन बसलेले नाही. तरीही मी माझ्या कामावर खूश होतो. साथीच्या दिवसांत माझ्याकडून जे काम करून घेतले गेले त्याने मात्र मी कायमचा हळवा झालो, आणि तेच तुम्हाला सांगायचे आहे.

डॉक्टरबाईंनी आपला दवाखाना थाटला तेव्हा माझा जन्म झाला. लोकांनी त्यांना खुर्च्या घ्यायला सुचवले होते, पण त्यांना एकच लांबलचक बाक हवा होता. दार उघडले की सगळे एका नजरेत दिसले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. सुतार डोक्याने शांत माणूस. त्याने आधी विचारून घेतले की बसणारे कोण असणार. आजारी माणसे, असे कळल्यावर त्याने माझी बैठक नेहमीपेक्षा जरा उंच ठेवली, कारण आजारी माणसाला खालून उठायला जड जाते. कडा गोल केल्या, पाठीला रुंद फळी लावली आणि डॉक्टरबाईंच्या खोलीकडच्या टोकाला एक भक्कम हात बसवला. दुसऱ्या टोकाला हात नाही. सुताराचे लाकूड संपले असणार, अशी चेष्टा लोक करत. पण ते खरे नाही. माणसाने एका टोकाने यायचे आणि दुसऱ्या टोकाने उठायचे, असा तो हिशेब होता.

आमच्याकडे नंबराची चिठ्ठी नव्हती. आल्यावर रस्त्याकडच्या टोकाला बसायचे. एक जण आत गेला की सगळ्यांनी एक जागा सरकायचे. सरकत सरकत हातापाशी पोचलात की पुढची पाळी तुमची. खोकणारे, कण्हणारे, पोटाशी हात धरून बसलेले, सगळे माझ्यावरून असे सरकत गेले. त्यांच्या कपड्यांनी मी इतका गुळगुळीत झालो की मला रोगणाचा हात कधी द्यावाच लागला नाही.

डॉक्टरबाई घंटा वाजवत नसत. प्रत्येक वेळी त्या स्वतः उठून दार उघडत आणि पुढच्याला आत घेण्याआधी माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकत. ती नजर म्हणजेच अर्धा दवाखाना होता. एकदा त्यांनी मधेच बसलेल्या एका गृहस्थांना हाताने खूण करून आधी बोलावले. पित्त झालेय, दुसरे काही नाही, असे ते म्हणत होते. एका कंत्राटदाराने कुरकुर केली, पण बाईंनी तिकडे कानाडोळा केला. ते पित्त नव्हतेच, हृदयाचा झटका होता. पुढे ते गृहस्थ हिंडूफिरू लागल्यावर येऊन गेले आणि जाताना माझ्या हातावर थाप मारून गेले. माझा काय संबंध होता त्यात? पण बरे वाटले.

आमच्या नेहमीच्या लोकांत एक घड्याळजी होते. शेजारच्या गल्लीत कपाटाएवढे त्यांचे दुकान होते. डोळ्याला सतत भिंग लावल्याने उजव्या डोळ्याभोवती एक गोल वळ कायमचा उमटला होता. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी ते येत. त्यांची एक खोड होती. कुणी लेकुरवाळी दिसली, कुणी म्हातारे दिसले, कुणी नुसता घाईत दिसला, की ते म्हणत, ‘आधी तुम्ही. मला काही घाई नाही.’ त्यामुळे सगळे पुढे सरकत आणि घड्याळजी मागे. असा उलटा सरकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. टेबलावर बसणाऱ्या ताईंनी त्यांचे नावच ‘आधी-तुम्ही’ पाडले होते. दवाखाना उघडायचा, फोन घ्यायचा, कागद सांभाळायचे, सगळे ताईच बघत, आणि थट्टा करायला त्यांना वेळ सापडे.

घड्याळजींच्या पत्नीला सगळे वहिनी म्हणत. त्या सोबत असल्या की वैतागत. ‘अहो, आपण दवाखान्यात आलोय, आग्रह करायला नाही,’ असे एकदा त्या चारचौघांत म्हणाल्या आणि सगळा बाक हसला. शेवटी डॉक्टरबाईच दारात हाताची घडी घालून उभ्या राहत आणि घड्याळजी उठल्याशिवाय मी आत जाणार नाही म्हणत. मग ते लाजत लाजत माझा हात धरून उठत.

मग ती साथ आली.

आधी माझ्यावर चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या. फुली सोडून बसायचे. काही दिवसांनी बसणेच बंद झाले. डॉक्टरबाईंच्या वर्गातला एक डॉक्टर त्या साथीत गेला. ती बातमी आली त्या दिवशी बाई खोलीतून बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि ताईंनी मला दोन्हीकडून उचलले आणि दवाखान्याच्या दारात आडवे टाकले. बैठक रस्त्याकडे, पाठ आतल्या बाजूला. पाठीच्या फळीला पुठ्ठा टांगला, ‘आत येऊ नये. फोन करून वेळ घ्यावी.’

मित्रांनो, त्यांना दोष देऊ नका. त्यांचा हेतू वाईट नव्हता. बाई आजारी पडल्या असत्या तर गल्लीने जायचे कुठे? ताईंच्या घरी दम्याचे सासरे होते. त्याही जीव मुठीत धरून येत होत्या. पण माझे मन मला खाऊ लागले. ज्यावरून सरकत माणसे डॉक्टरांपर्यंत जात, तोच मी आता माणसांना अडवायला उभा होतो. लोक मला बघून रस्त्यातच थबकत आणि परत फिरत.

सकाळी आठला फोन सुरू होई. कपातला चहा निवायच्या आत दिवसभराच्या वेळा संपत. ज्यांच्या घरात दोन-तीन फोन आणि चपळ बोटांची पोरे होती त्यांना वेळ मिळे. ज्यांचा अंगठा थरथरे ते आकडा चुकवत, पुन्हा लावत, तोवर लाइन व्यस्त. ताईंचा कान लालबुंद होई. ‘उद्या आठला करा, तातडीचं आहे का, उद्या आठला करा,’ एवढेच त्या बोलत. थट्टा कुठच्या कुठे गेली. खोलीत डॉक्टरबाई फोनवरच तपासत. पण फोनवर फक्त आवाज येतो, आणि आवाजावर जेवढे कळेल तेवढेच कळणार.

अशाच एका सकाळी वहिनी आणि घड्याळजी आले. वहिनी माझ्यापाशी उभ्या राहिल्या आणि घड्याळजी मागे, समोरच्या दुकानाच्या पायरीवर टेकले. पायरीवर टेकणारा माणूस नव्हता तो. वहिनींनी ताईंना सांगितले की रोज आठला फोन लावते, लागतच नाही. ताई म्हणाल्या, समोर कुणाशी बोलायचे नाही असा नियम आहे, एकाला सूट दिली तर दारात रांग लागेल. फोनच करावा लागेल.

वहिनींनी तिथेच उभे राहून पिशवीतून फोन काढला आणि लावला. कसा कोण जाणे, लागला. आतल्या टेबलावरचा फोन वाजला. ताईंनी तो उचलला. दोघी माझ्या दोन बाजूंना उभ्या होत्या, हात लांब केला असता तर एकमेकींना लागला असता, आणि त्या फोनवर बोलत होत्या. दोघींनाही हसू आले नाही. मलाही नाही.

‘तातडीचं आहे का?’ ताईंनी फोनमध्ये विचारले.

वहिनी मागे वळल्या. ‘अहो, तातडीचं आहे का, विचारतायत.’

घड्याळजींनी हात हलवला. ‘नाही, नाही. तसं काही नाही. ज्यांना खरी गरज आहे त्यांना घ्या म्हणावं आधी.’

वहिनी पुन्हा फोनकडे वळल्या. काहीतरी बोलायचे त्यांच्या अगदी ओठांवर आले होते, मी पाहिले. पण नवऱ्याने सगळ्या गल्लीसमोर नाही म्हटले होते. ‘नाही म्हणतायत,’ त्या म्हणाल्या. ताईंनी दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. दोघे गेले. पायरीवरून उठताना घड्याळजींनी दुकानाच्या शटरला धरले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्यांना फोन केला. आता मी दारात होतो, तरी खोलीचे दार वाऱ्यासाठी उघडे असे आणि बाईंना लोकांचे बोलणे नीट ऐकू यावे म्हणून त्या फोनचा आवाज मोठा ठेवत, त्यामुळे मला दोन्हीकडचे ऐकू आले. कसे आहात, असे बाईंनी विचारले. घड्याळजींनी उलट त्यांचीच चौकशी केली. जेवता का वेळेवर? झोप मिळते का? मग जरा थांबून म्हणाले की जिना चढताना थोडा दम लागतो, वयच झाले आता. आणि रात्री बसून झोपले की बरे वाटते, उशीची सवय मोडली. बाईंनी छातीत दुखते का विचारले. नाही. ताप? नाही. खोकला? नाही. साथीच्या दिवसांत हे तीन ‘नाही’ ऐकले की डॉक्टरचा जीव भांड्यात पडे. गोळी बदलून देते, चिठ्ठी ताईंकडून न्या, असे म्हणून त्यांनी पुढचा फोन लावला. त्यांच्यापुढे अजून कितीतरी फोन होते आणि त्यांचा घसा बसला होता.

चिठ्ठी न्यायला घड्याळजी एकटेच आले. ताई फोनवर बोलत होत्या. त्यांनी खुणेने थांबायला सांगितले. घड्याळजी जरा उभे राहिले आणि मग माझ्यावर बसले.

कितीतरी महिन्यांनी माझ्यावर कुणी बसले होते. पण मला आनंद झाला नाही. मी त्या माणसाला वर्षानुवर्षे ओळखत होतो. शरीराने काटकुळा, हलका. आणि आता तो माझ्यावर ओल्या गोधडीसारखा बसला. पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तो श्वास घेत होता. पायांत बूट नव्हते, चपला होत्या, आणि चपलांचे पट्टे सुजलेल्या पायांत रुतले होते. घोट्यावर बोट दाबले असते तर खड्डा पडला असता. डॉक्टरबाईंनी माझ्यापाशी येऊन नुसते वाकून बघितले असते तर त्यांना दुसरे काही विचारावे लागले नसते. पण त्या खोलीत फोनवर होत्या. आणि टेबलापाशी बसलेल्या ताईंना घड्याळजींचे फक्त डोके आणि खांदे दिसत होते. खालचे सगळे माझ्या पाठीच्या फळीने झाकले होते.

मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. बाकाला वाचा नसते. मी नुसता करकरलो.

ताईंनी फोन ठेवला आणि त्यांचे लक्ष गेले. ‘काका, बसू नका हो तिथं. सगळं पुसावं लागतं मला.’ आवाजात राग नव्हता, थकवा होता. घड्याळजी ताबडतोब उठले. म्हणजे उठायला गेले, पहिल्यांदा जमले नाही, माझा हात चाचपडून धरला आणि मग उठले. खिशातून रुमाल काढून त्यांनी मला पुसायला घेतले. बसलेली जागा पुसली, धरलेला हातही पुसला.

‘चुकलं माझं,’ ते म्हणाले. ‘तुम्हाला उगीच काम.’

ताईंनी चिठ्ठी लांबूनच पुढे केली. ती घेऊन ते निघाले आणि कोपऱ्यावरच्या खांबाला धरून उभे राहिले. ताई तोवर पुढच्या फोनवर होत्या.

त्यानंतर काही दिवस दोघांपैकी कुणी आले नाही. गोळी लागू पडली असेल, असे मी मनाला समजावत होतो. रोज सकाळी आठला फोन वाजला की मी कान टवकारत असे. वहिनींचा फोन आला का, हे मला कळायला मार्ग नव्हता. ताई सगळ्यांना एकच उत्तर देत होत्या.

मग एका दुपारी वहिनी आल्या. पायांत चपला नव्हत्या. त्यांनी पुठ्ठ्याकडे बघितले नाही, ताईंकडे बघितले नाही, फोनही काढला नाही. त्यांनी माझा हात धरला आणि मला ओढले. मी जड आहे. मला हलवायला नेहमी दोन माणसे लागतात. त्या एकट्या होत्या, साठी उलटलेल्या, आणि त्यांनी मला फरशीवरून असे फरफटत नेले की माझ्या एका पायाचा कोपरा निघाला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला एवढे कधी लागले नाही आणि एवढे हायसेही कधी वाटले नाही. मी मनात म्हणत होतो, ओढा वहिनी, अजून ओढा.

ताई उभ्या राहिल्या, ‘वहिनी, थांबा,’ म्हणाल्या. वहिनी थांबल्या नाहीत. आवाज ऐकून डॉक्टरबाई खोलीबाहेर आल्या.

‘त्यांचे पाय खांबासारखे झालेत,’ वहिनी म्हणाल्या. ‘किती रात्री आडवे झालेले नाहीत. आज ओठ निळे दिसतायत. चला.’

डॉक्टरबाईंचा चेहरा मुखपट्टीने झाकलेला होता, तरी तो उतरलेला मला दिसला. ‘पाय सुजलेत? हे फोनवर का नाही सांगितलंत?’

‘तुम्ही त्यांना विचारलंत,’ वहिनी म्हणाल्या. ‘मला कुणी विचारलंच नाही.’

डॉक्टरबाईंनी पिशवी उचलली आणि त्या दोघी धावतच गल्लीत शिरल्या. ताईंनी रुग्णवाहिकेला फोन लावला. तोही व्यस्त लागत होता. त्या पुन्हा पुन्हा आकडे दाबत होत्या आणि त्यांचा अंगठा थरथरत होता.

घड्याळजींना मोठ्या रुग्णालयात नेले. त्यांना साथीचा आजार नव्हता. त्यांचे हृदय थकले होते आणि अंगात पाणी साठत चालले होते. वेळेवर औषध मिळते तर ते पाणी उतरले असते, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. वहिनींना आत सोडले नाही, तिथेही तोच नियम होता. घड्याळजी परत आले नाहीत.

ही बातमी डॉक्टरबाईंनी आणली. दवाखान्यात ताई एकट्याच होत्या. मी अजून तसाच तिरका पडलेलो होतो. वहिनींनी जिथे सोडले तिथून मला कुणी हलवले नव्हते. ताई माझ्यावर बसल्या आणि रडल्या. ‘मला त्यांचा स्वभाव माहीत होता, बाई. मी स्वतः त्यांना चिडवायची. तरी मी त्यांनाच विचारलं.’ डॉक्टरबाई ताईंपासून लांब, माझ्या दुसऱ्या टोकाला बसल्या. फोन वाजत होता, आणि पहिल्यांदाच तो कुणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी ताई मला पुन्हा दारात लावायला निघाल्या तेव्हा बाईंनी त्यांना अडवले. दोघींनी मिळून मला बाहेर नेले आणि पदपथावर दवाखान्याच्या भिंतीला लावून ठेवले. वर पत्रा बांधला. फोनवरच्या वेळा चालूच राहिल्या, साथ काही संपली नव्हती. पण दुपारचा एक तास ज्यांना फोन लागत नाही, किंवा ज्यांना फोनवर सांगता येत नाही, त्यांच्यासाठी ठेवला. लोक माझ्यावर अंतर सोडून बसत. डॉक्टरबाई तोंड झाकून उंबऱ्यात येत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत. ताई फोनवर आता आणखी एक गोष्ट म्हणू लागल्या. ‘घरात दुसरं कोण आहे? त्यांच्याकडे द्या फोन.’

पावसाने माझे लाकूड फुगले, उन्हाने चिरा गेल्या. निघालेला कोपरा कुणी दुरुस्त केला नाही. माझी तक्रार नाही.

पुढे एकदा वहिनी त्या रस्त्याने चालल्या होत्या. हातात भाजीची पिशवी होती. दम खायला म्हणून त्या माझ्यावर बसल्या. दवाखान्यात यायचा त्यांचा विचार नव्हता, मी पैजेवर सांगतो. त्या बसल्या आणि बसूनच राहिल्या. डॉक्टरबाई उंबऱ्यात आल्या, त्यांची नजर फिरत फिरत वहिनींवर येऊन थांबली. दोघींची त्यानंतर ती पहिलीच भेट.

‘मी ठीक आहे,’ वहिनींनीच आधी सांगून टाकले. ‘आपली सहज टेकले.’

डॉक्टरबाई पायरी उतरून खाली आल्या आणि सगळ्या रस्त्यादेखत वहिनींच्या समोर पदपथावर उकिडव्या बसल्या. ‘ते ऐकलं मी,’ त्या म्हणाल्या. ‘आता पाय दाखवा.’

वहिनींनी पिशवी माझ्यावर ठेवली आणि साडी घोट्याच्या वर घेतली.

मित्रांनो, मी लाकडाचा आहे, मला तुम्हाला काय शिकवता येणार? पण एक विनंती करतो. तुमच्या घरात कुणी ‘माझं काही नाही’ म्हणणारे असेल, तर त्यांच्या शब्दावर विसंबू नका. त्यांच्या पायांकडे बघा, चढताना ते कुठे थांबतात ते बघा, आणि फोन त्यांच्या हातातून घेऊन तुम्ही बोला. आणि तुम्हाला स्वतःला काही होत असेल तर ते मोठ्याने सांगा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पुन्हा कधी अशी साथ आली तर तोंड झाका, हात धुवा, अंतर ठेवा, हवे तर मला रोज दहा वेळा पुसा. पण मला दारात आडवा टाकू नका. भिंतीला लावून ठेवा, म्हणजे कोण बसलेय ते आतून दिसेल.